सामाईक ओळख

बाणबाईने लॅपटॉपचं झाकण इतक्या घाईने मिटलं की तिचंच बोट आत सापडलं. ते बोट तोंडात धरून ती तशीच बसून राहिली. ओट्यापाशी भांडी पुसत उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीने मान वळवून बघितलं.

"काय गं ताई? पुन्हा नकार आला?"

"नाही. सासूबाई आल्या."

धाकटीने आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीतून वाकून खाली रस्त्याकडे. "कुठे?"

"ह्याच्यात." बाणबाईने हनुवटीने लॅपटॉप दाखवला. "फोटोसकट."

बाणबाई हे तिचं खरं नाव नव्हतं, पण इतकी वर्षं ऑफिसात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मोठमोठ्या इमारतींत माणसांना वाट सापडावी म्हणून ज्या पाट्या लावतात, त्या कुठे लावायच्या, त्यांच्यावर काय लिहायचं आणि बाण कुठल्या बाजूला काढायचा, हे ठरवण्याचं तिचं काम. कचेऱ्या, स्टेशनं, कॉलेजं, पण मुख्यतः हॉस्पिटलं. काम असं की नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि चुकलं तर येणारा-जाणारा शिव्या घालतो. तिच्या कंपनीच्या दोन भागीदारांचं आपसात फाटलं, कंपनीला कुलूप लागलं, आणि जगाला वाट दाखवणारी बाणबाई धाकटीच्या पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर येऊन पडली. धाकटी तोंडाने काही म्हणत नव्हती. पण तिचा नवरा अलीकडे टीव्ही आतल्या खोलीत हलवायच्या गोष्टी करू लागला होता, आणि न बोललेलं समजण्याइतकी बाणबाई शहाणी होती.

नोकरीसाठी ओळखीपाळखी जुळवणाऱ्या त्या साइटवर तिचं पान वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं; आता तिला तिथे धाकटीनेच जुंपलं होतं. नोकऱ्या जाहिरातींनी लागत नाहीत, ओळखीने लागतात, हा धाकटीचा मंत्र. तेव्हापासून बाणबाई रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, ऑफिसला निघाल्यासारखी त्या साइटवर जाऊन बसायची. तिथे सगळेच सुखी होते. ज्याला काल कामावरून काढून टाकलं तोही नव्या वाटेवर निघाल्याचा आनंद जाहीर करत होता. बाणबाईला त्या सगळ्याची मोठी मौज वाटे. शाळेत मागच्या बाकावर झोपणारी मुलगी विमा कंपनीत वरच्या जागी कशी पोचली, जुना शेजारी अचानक दोन भाषांत पारंगत कसा झाला, हे बघता बघता तिचा अर्धा दिवस जायचा आणि नोकरी राहायची बाजूला.

आज मात्र जागा दिसली होती. एक नवं हॉस्पिटल बांधून होत आलं होतं आणि तिथल्या सगळ्या पाट्यांची आखणी करायला त्यांना कायमचं माणूस हवं होतं. असली जागा दहा वर्षांतून एखादी निघते. बाणबाईने प्रकल्पप्रमुखांचं पान उघडलं. पन्नाशीच्या एक बाई, आखूड केस, कॅमेऱ्याकडे न बघता काढलेला फोटो. आणि त्याखाली साइटने बारीक अक्षरांत सांगितलं होतं की तुम्हा दोघींच्या ओळखीची एक व्यक्ती आहे. त्या व्यक्तीच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तिच्या घरात बाणबाई सात वर्षं सून म्हणून राहिली होती.

सासूबाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नर्सेसच्या किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या त्याची गणती नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या भाचीने हौसेने त्यांचं पान बनवून दिलं होतं, आणि घरातली म्हणून सगळ्यात आधी बाणबाईला जोडून घेतलं होतं. पुढे घटस्फोटाने बाणबाईचं घर सुटलं, आडनाव सुटलं. साइटवरची ओळख काढून टाकायचं मात्र दोघींपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा," धाकटी म्हणाली. "लिही ना त्यांना. त्यांनी एक ओळ टाकली तर काय झिजणार आहेत?"

"तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही आम्ही."

"मग आता बोल. अडला हरी गाढवाचे पाय धरी."

"त्यांना गाढव म्हणू नकोस," बाणबाई म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ह्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

कारण राग तर होता. नवऱ्याचं बाहेर कुठे चालू होतं ते घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. भांडणं झाली, दारं आपटली, दोनदा तर त्याचा हातही उगारला गेला. मेट्रनच्या घरात हे सगळं घडलं आणि मेट्रन काही बोलल्या नाहीत. ज्या बाईच्या नजरेने अख्खा वॉर्ड चिडीचूप व्हायचा, तिने आपल्या मुलाला एकदाही दटावलं नाही. बाणबाई बॅग घेऊन निघाली त्या सकाळी सासूबाई पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होत्या. बाणबाई दारात जरा जास्तच वेळ चपला घालत राहिली. एक शब्द आला असता तरी तिला पुरला असता. तो आला नाही आणि तिने दार ओढून घेतलं.

लिहायचं काही तिच्याने झालं नाही. पण त्या दुपारी, दुसऱ्या दुपारी आणि तिसऱ्याही दुपारी ती मेट्रनच्या पानावर जाऊन आली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. 'निवृत्त मेट्रन' एवढे दोन शब्द. जुन्या विद्यार्थिनींनी त्यांच्याबद्दल पानभर लिहिलं होतं, भीतीने की प्रेमाने ते कळत नव्हतं. त्यांनी स्वतः कोणाबद्दल काही लिहिलं नव्हतं. फोटोत त्या वाळल्यासारख्या वाटतात का, हे बघायला बाणबाईने तो मोठा करून बघितला. गल्लीतून जाताना ओळखीच्या खिडकीकडे मान वर करावी, इतकंच ते होतं. कोणाला कळणार आहे, असं तिला वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन वाजला.

"तीनदा येऊन गेलीस," पलीकडचा आवाज म्हणाला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कुठे?" बाणबाईने विचारलं.

"माझ्या पानावर. कोण आलं, कधी आलं, सगळं सांगते ती साइट. तुला ठाऊक नाही?"

बाणबाईला ठाऊक नव्हतं. आपण आजवर कोणाकोणाच्या पानावर डोकावलो ते सगळे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून सर्रकन गेले. मागच्या बाकावरची मुलगी, शेजारी, नवऱ्याची ती दुसरी.

"दारापर्यंत येऊन बेल न वाजवता परत जायचं, ही सवय कधीपासून लागली तुला? उद्या चारला ये." आणि फोन बंद झाला.

मेट्रन आता एका लहान फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. खाली लिफ्टशेजारी कार्यालयाकडे जाणारा बाण कचऱ्याच्या डब्याकडे दाखवत होता. बाणबाईने सवयीने तो बघितला आणि सवयीने चुकचुकली. दार उघडलं तेव्हा मेट्रन किंचित वाकल्यासारख्या दिसल्या. बाकी सुंभ जळला तरी पीळ तोच. टेबलावर दोन कप पालथे घालून ठेवले होते, साखरेचं भांडं बरोबर मधोमध.

"वाळलीस," त्या म्हणाल्या.

"तुम्हीपण, आई."

तो शब्द आपोआप निघाला. मेट्रननी चहा टाकायला तोंड फिरवलं ते बराच वेळ फिरवलेलंच राहिलं.

चहा होईपर्यंत बाणबाईने सगळं सांगितलं. कंपनी, धाकटीचा सोफा, नवं हॉस्पिटल. मग फोनवर ते पान काढून पुढे केलं. मेट्रननी चष्मा पुसला आणि फोटो बघितला.

"हिला मी घरी पाठवलं होतं."

"म्हणजे?"

"माझ्याकडे शिकाऊ होती. हात हलका, डोकं तल्लख. एक दिवस मी राउंडला आले तर वॉर्डात कोणी नाही. एका पेशंटची सलाइनची बाटली संपत आलेली. आणि ह्या बाईसाहेब कुठे? तर कोणी म्हातारा रस्ता चुकून वॉर्डात शिरला होता, त्याला एक्सरेला पोचवायला गेलेल्या. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, टोपी काढ आणि घरी जा. गेली. परत आलीच नाही."

"त्याला पोचवायलाच गेली होती ना?"

"वॉर्ड उघडा टाकून. आज झालं तर आजही तेच करीन." मेट्रननी कप बशीत ठेवला, आवाज न करता. "तेव्हा माझं नाव तिथे काढू नकोस. माझ्या नावाने तुझ्यासाठी दार उघडायचं नाही, उघडं असेल तर बंद होईल."

"तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर..."

"मी शिफारस करत नाही. कोणाचीच. लग्नाच्या वेळी तुझ्या आईने मला विचारलं होतं, मुलगा कसा आहे. मी काय म्हटलं आठवतं?"

बाणबाईला आठवत होतं. तुमचं तुम्ही बघून घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. बाणबाईच्या आईला ती विनयाची रीत वाटली होती आणि घरी येऊन तिने सासूचं कौतुक केलं होतं.

मेट्रन फोनमधल्या फोटोकडे अजून बघत होत्या. "एक मात्र कळत नाही मला. ओळखीची विनंती तिने पाठवली, मी नव्हे. कशाला पाठवली असेल? मी किती दिवस ती तशीच ठेवली होती. मग म्हटलं, घेऊ. घेतली. त्यानंतर ना ती बोलली, ना मी."

"तुम्ही विचारायचं मग."

"काय विचारू? कशी आहेस? असं मी कधी कोणाला विचारलेलं नाही."

आणि खरंच, निघताना त्यांनी बाणबाईलाही ते विचारलं नाही. जिना उतरताना बाणबाईचे पाय रागाने धाडधाड पडत होते. मान खाली घालून गेली होती ती, आणि हात हलवत परत आली होती. ह्या वयात माणूस बदलतं अशी कुठेतरी आशा होती तिला, आणि त्या आशेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

मग तिने ओळखीचा नाद सोडला आणि आपल्या पद्धतीने काम केलं. त्या संस्थेचं जुनं हॉस्पिटल गावात होतं. बाणबाई तिथे गेली आणि कोणाला काही न विचारता नुसत्या पाट्या बघत फिरली. नाव नोंदवायच्या खिडकीपासून रक्त तपासणीकडे निघाली आणि धोबीखात्यात पोचली. हृदयविभागाचा बाण एका कुलूपबंद दारावर जाऊन संपत होता. घरी येऊन तिने प्रकल्पप्रमुखांना साइटवरून हे सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. शेवटी एक ओळ घातली की नव्या इमारतीत असं होऊ नये ह्यासाठी मला काम करायला आवडेल. मेट्रनचा म सुद्धा काढला नाही.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. बुधवारी या, बांधकामावर या, चामड्याचे बूट घालून या.

प्रकल्पप्रमुख फोटोतल्यापेक्षा ठेंगण्या होत्या आणि चालायला जलद. त्यांनी बाणबाईच्या हातात एक हेल्मेट दिलं आणि कागदपत्रं बघायला मागितलीच नाहीत. भिंतींना नुसतं प्लॅस्टर होतं, जमिनीवर सिमेंटची धूळ. तरी चालता चालता त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून एक बोट फिरवलं आणि बोटाला लागलेल्या धुळीकडे नापसंतीने बघितलं. बाणबाई जागच्या जागी थबकली. ते बोट तिने सात वर्षं रोज सकाळी बघितलं होतं.

"समजा मी म्हातारी आहे," त्या म्हणाल्या. "चष्मा घरी राहिलाय. घाबरलेली आहे. मला एक्सरेला जायचंय. न्या मला."

बाणबाईने त्यांना नेलं. मात्र पुढे न चालता ती त्यांच्या अर्धं पाऊल मागे राहिली आणि त्यांचे पाय बघत राहिली. एका ठिकाणी त्या किंचित घुटमळल्या. बाणबाईने खिशातला खडू काढून तिथल्या भिंतीवर फुली मारली.

"इथे कशाला? वळण तर पुढे आहे."

"वळणावर पोचेपर्यंत माणसाचा जीव टांगणीला लागतो. तो आधीच थांबतो, ह्याला-त्याला विचारतो. पाटी वळणावर नको, शंका येते तिथे हवी."

प्रकल्पप्रमुख पुढे चालू लागल्या. एक्सरेच्या खोलीपर्यंत भिंतींवर एका पाठोपाठ एक फुल्या पडत गेल्या. परत येताना त्यांनी एक दार ढकललं. रुग्णाची खोली कशी दिसेल हे दाखवायला कंत्राटदाराने तिथे एक नमुन्याची खोली सजवली होती. पडदे, दिवा, पलंग. पलंगावर पांढरी चादर होती आणि पायाकडचे तिचे दोन्ही कोपरे नुसते लोंबत होते.

दोघी एकाच वेळी वाकल्या. एकीने डावा कोपरा उचलला, दुसरीने उजवा. कापड उचलून त्रिकोण करायचा, लोंबणारं टोक आधी गादीखाली, मग त्रिकोण खाली पाडून तळहाताने सारायचा, आणि शेवटी हाताच्या पाठीने एक चापट. दोन्ही चापट्या एकदम पडल्या. बाणबाईने मान वर केली तर प्रकल्पप्रमुख पलीकडून तिच्याकडेच बघत होत्या.

"ही शेवटची चापट कुठे शिकलात?"

"घरी."

"घरी कोणी अशी चादर घालत नाही." त्या सरळ उभ्या राहिल्या. "साइटवर आपल्या दोघींमध्ये एक ओळख दिसते. तुमचं पत्र आलं तेव्हाच बघितलं मी. तुम्ही नाव काढाल म्हणून वाट बघत होते. त्या कोण तुमच्या?"

ओळखीच्या आहेत, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. घरून निघताना बाणबाईने तेच ठरवलं होतं, आणि मेट्रननी बजावलंही होतं. तिला धाकटीच्या घरातला सोफा आठवला. ही जागा गेली तर पुढे काय, हे तिला खरंच माहीत नव्हतं. पण चादरीवर दोन सारखे कोपरे बसले होते आणि त्यांच्यासमोर उभं राहून तिला खोटं बोलवेना.

"सासूबाई," ती म्हणाली. "आता कायद्याने नाहीत."

"किती वर्षं होतात त्यांच्याजवळ?"

"सात."

"सात." प्रकल्पप्रमुखांनी पलंगाच्या दांडीवर हात ठेवला. "मी दीड वर्षात पळाले. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

"तुम्ही म्हाताऱ्याला पोचवायला गेलात, ते?"

"तो म्हातारा वॉर्डात शिरला का, हे नाही सांगितलं ना? एक्सरेचा बाण उलटा लावला होता. रोज दोघं-तिघं चुकून आत येत. मला घरी पाठवलं, बाणाला कोणी काही बोललं नाही." त्या हसल्या, पण पुरतं नाही. "ह्या इमारतीत मला तसा एकही बाण नकोय."

त्यांची बसायची जागा म्हणजे बांधकामाच्या कडेला ठेवलेली एक पत्र्याची खोली होती. तिथे त्यांनी बाणबाईला खुर्ची दिली आणि स्पष्ट सांगितलं. काम त्यांना आवडलं होतं, जागा बाणबाईचीच होती. पण दोन माणसांशी बोलल्याशिवाय त्यांच्याकडे कोणाला घेत नसत. बुधवारच्या आधीच त्यांनी बाणबाईकडून दोन नावं मागून घेतली होती, त्यांपैकी जुन्या कंपनीतल्या एका भागीदाराशी बोलून झालं होतं. दुसरं नाव बाणबाईने एका गिऱ्हाइकाचं दिलं होतं, आणि ते गृहस्थ फोन उचलत नव्हते.

"त्यांच्याऐवजी बाईंचा नंबर सांगा," प्रकल्पप्रमुख म्हणाल्या.

"त्या शिफारस करत नाहीत. कोणाचीच."

"माहीत आहे. म्हणून तर. जी बाई कोणाला चांगलं म्हणत नाही, तिचा एक शब्द मला पुरतो."

"आणि त्या वाईट बोलल्या तर?"

"तर मला विचार करावा लागेल." त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं, पण शब्द मागे घेतला नाही. आपल्यासाठी नाही, स्वतःसाठीच ह्या फोन लावतायत, असं बाणबाईला वाटून गेलं. तिने नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. प्रकल्पप्रमुखांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हॅलो," पलीकडून आलं. "कोण?"

प्रकल्पप्रमुख उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकून पत्र्यावर आपटली.

"बाई, मी... वॉर्ड सोडून गेलेली."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"ओळखलं. खाली बस. उभी असशील तू."

त्या बसल्या. तेव्हा बाणबाईच्या लक्षात आलं की आपणही उभ्याच आहोत, आणि तीही बसली.

"विनंती कशाला पाठवली होतीस मला?"

"ते नंतर सांगते बाई. आधी मला चार प्रश्न विचारायचे आहेत. कामाचे. तुमच्याकडे होत्या त्यांच्याविषयी. त्या इथे समोर बसून ऐकतायत."

"ऐकतेय ती?"

"हो."

"बरं. विचार."

प्रकल्पप्रमुखांनी समोर कागद ओढला. नेहमीचे प्रश्न होते, नोकरीवर घेताना सगळ्यांना विचारतात तेच. त्यांनी ते छापल्याप्रमाणे वाचले.

"ह्यांना किती वर्षं ओळखता?"

"सात वर्षं एका घरात. त्यानंतर नुसती ओळखते."

"काम कसं आहे?"

"ती येण्याआधी आमच्या घरात कात्री कुठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. ती आल्यावर पाहुण्यालासुद्धा सापडायची. चूक केली तर लपवत नाही, येऊन सांगते. सकाळी उठायला उशीर करते. हाक मारावी लागते, कधी दोनदा. तेही लिही."

प्रकल्पप्रमुखांनी तेही लिहिलं. बाणबाईचे कान लाल झाले.

"जागा सोडण्याचं कारण?"

पंखा फिरत राहिला. बाहेर कोणीतरी सळया टाकल्या, त्यांचा खणखणाट होऊन विरला. फोन बंद झाला की काय म्हणून प्रकल्पप्रमुखांनी वाकून बघितलं.

"तिच्याकडून काही कारण नव्हतं," मेट्रन म्हणाल्या. आवाज तोच होता, फक्त सावकाश. "माझा मुलगा तिच्याशी वाईट वागला. मला दिसत होतं. मी बोलले नाही. बाहेरच्या पोरींना बोलायला मला कधी जड गेलं नाही, घरात गेलं. हे सगळं लिहायचं असेल तर लिही."

पेन कागदावर टेकलेलं होतं, चाललं नाही. बाणबाईने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तीन वर्षं ती एका शब्दासाठी अडून होती, आणि आता तो असा परक्या टेबलावर, परक्या बाईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आला होता. तिला रडू येत होतं आणि रडायची ही जागा नव्हती.

"शेवटचा प्रश्न आहे बाई." प्रकल्पप्रमुखांनी कागदाकडे बघितलं, मग बाणबाईकडे, आणि मग तो वाचलाच. "पुन्हा संधी आली तर तुम्ही ह्यांना परत घ्याल का?"

"हे मला काय विचारतेस?" मेट्रन म्हणाल्या. "ती येईल का, ते तिला विचार."

प्रकल्पप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. ते उत्तर त्यांनी लिहून घेतलं नाही. फोन टेबलावरून बाणबाईच्या बाजूला सारून त्या उठल्या, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि दारापाशी जरा थांबल्या.

"सोमवारी आठला," त्या म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

त्या बाहेर गेल्या आणि पत्र्याचं दार त्यांनी मागे हळूच ओढून घेतलं. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. मेट्रननी फोन ठेवला नव्हता. बाणबाईने डोळे पुसले, मोठा केलेला आवाज बंद केला आणि फोन उचलून कानाला लावला.